‘आशेवर राहणे’ आणि ‘आशा धरणे’

श्रीवर्धनहून आपण विचारले आहे की, जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने पोफळींचे आगर (सुपारीची बाग) आडवे केल्यावर आपल्या आजी घरातल्या सर्वांना ‘आशेवर राहू नका, खड्डे मारायला घ्या’ असे म्हणाल्या, तेव्हा त्यांनी आशाच सोडायला सांगितली होती का. आणि ‘आशेवर राहणे’ व ‘आशा धरणे’ यांत काही फरक आहे का. फरक आहे, आणि आजींनी तो अचूक पाळला आहे.

माणूस ज्याच्या आधाराने दिवस काढतो, त्याला मराठीत आपण ‘वर’ जोडतो. आजारी माणूस पेजेवर असतो, कोकणातली कितीतरी घरे मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालली. ‘आशेवर राहणे’ हा त्याच जातीचा प्रयोग आहे. त्यात पेजेच्या जागी आशा बसते आणि तीच पोटाला पुरेल असे गृहीत धरले जाते. ‘धरणे’ हे मात्र हाताचे क्रियापद आहे. आशा धरणारा किंवा बाळगणारा माणूस तिला जवळ ठेवतो, पण तिच्यावर भार टाकत नाही. म्हणूनच ‘पाऊस येईल अशी आशा धरून त्याने पेरणी केली’ हे वाक्य सहज उतरते, तर ‘आशेवर राहून पेरणी केली’ हे कानाला खटकते, कारण आशेवर राहणारा पेरणी करत नसतो. (हल्ली सर्रास दिसणारे ‘मी आशा करतो’ मला हिंदीच्या वळणाचे वाटते, मराठीत आशा असते, वाटते, धरली जाते, सुटते.)

आजींच्या वाक्यामागे पोफळीचा स्वभावही आहे, आणि तो लक्षात घेतल्याशिवाय त्यातली निकड कळणार नाही. आंबा किंवा फणस मोडला तर बुंध्याला पुन्हा फुटवा येऊ शकतो, त्यामुळे तिथे थोडी वाट पाहण्याला अर्थ असतो. पोफळीचा वाढता कोंब एकच असतो आणि तो शेंड्यात असतो. शेंडा गेला की खोड कितीही सरळ उभे असले तरी ते वाळतच जाते. नवे रोप लावले तर सुपारी धरायला साधारण पाच ते सात वर्षे जातात, आणि कोवळेपणी त्याला उन्हापासून जपण्यासाठी केळीची सावली करावी लागते. वादळ ३ जूनला आले, म्हणजे लावणीचा हंगाम अगदी तोंडावर होता. तो पावसाळा भरपाईच्या वाटेकडे डोळे लावून घालवला असता, तर त्या पाच-सात वर्षांत आणखी एका वर्षाची भर पडली असती.

त्या वर्षी गणपतीत मी दापोली तालुक्यातल्या आमच्या काकांच्या आगरात गेलो होतो. शेंडे नसलेली खोडे मांडवाच्या खांबांसारखी ओळीने उभी होती, आणि त्यांच्या मधल्या जागेत हातभर उंचीची रोपे नुकती लावलेली होती, बुडाशी माती दाबल्याचे बोटांचे ठसे अजून दिसत होते. ही खोडे अजून पाडली कशी नाहीत, असे मी विचारल्यावर काका म्हणाले, ‘ती कुठे पळतायत? पाऊस पळतो.’

आपल्या प्रश्नातली शंका कदाचित अशी असेल की आशा कमी करणे म्हणजे खचणे. पण खचलेल्या माणसाला मराठी काय म्हणते ते पाहावे: त्याने ‘हातपाय गाळले’. या वाक्प्रचारात मनाचा उल्लेखच नाही. तेव्हा ‘खड्डे मारायला घ्या’ असे सांगणारी बाई कोणाला हातपाय गाळायला सांगत नव्हती, हे उघड आहे.

एक सूक्ष्म छटा मात्र सांगायला हवी. ‘ती मुलाच्या आशेवर जगते आहे’ या वाक्यात दोष नाही, करुणा आहे. कारण जिथे हाताने करण्यासारखे काही उरत नाही, तिथे आशेवर जगण्याला कोणी नावे ठेवत नाही. दोष येतो तो ‘राहू नका’ मुळे. ‘राहणे’ म्हणजे वसणे, टिकणे. पण आपण ‘काम राहिले’ असेही म्हणतो, आणि तेव्हा ते झालेले नसते. आजींचे ऐकले गेले नसते, तर ऑगस्टमध्ये आपल्या घरात याच क्रियापदाचे दुसरे वाक्य ऐकू आले असते: ‘यंदा खड्डे मारायचे राहिले.’