पॅनेलव्ह्यू प्लसवर (मशीनवरचा अ‍ॅलन-ब्रॅडलीचा टचस्क्रीन) आत्ता कोणतं अ‍ॅप्लिकेशन व्हर्जन चालू आहे, हे कसं ओळखायचं?

कॉन्फिगरेशन मोडमध्ये (पॅनेलच्या सेटिंगच्या मेन्यूत) जा, 'करंट अ‍ॅप्लिकेशन' समोर फाइलचं नाव दिसेल. पॅनेलकडून एवढंच मिळतं. सिस्टिम इन्फर्मेशनमधला आकडा फर्मवेअरचा (पॅनेलच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरचा), आणि एमईआर (पॅनेलवर चालणारी तयार फाइल) बनवताना निवडलेलं 8 किंवा 10 हे रनटाइमचं, म्हणजे ती फाइल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं. प्रोग्रॅमरनं परवा काय बदललं, ते यातलं काहीच सांगत नाही.

वाळूजला आमच्या हायड्रॉलिक प्रेसचा टच गेला. मशीनवाल्यांचा माणूस रात्री दुसरं पॅनेल घेऊन आला. लॅपटॉपवर 'प्रेस2_फायनल' आणि 'प्रेस2_फायनल_न्यू', त्यानं पहिली, म्हणजे जुनी टाकली. मधल्या काळात त्यांनीच पीएलसीत (मशीन चालवणारा कंट्रोलर) गार्डचा, म्हणजे सुरक्षा दाराचा अलार्म यादीच्या मध्ये घुसवला होता, त्यामुळे खालचे सगळे नंबर एकानं सरकलेले. दार नीट लागलेलं नाही, आणि स्क्रीनवर काय? 'ऑइल लेव्हल लो'. आमचे फिटर मामा पॉवरपॅकच्या गेजवर टॉर्च मारून बघतायत, तेल बरोबर खुणेवर. तरी पोरगं बॅरल आणायला पळालं. शिफ्ट गेलीच, पण उलटं झालं असतं तर? तेल संपलंय आणि स्क्रीन दार दाखवतेय, मग कुणीतरी दाराच्या स्विचला जंपर मारून (वायर जोडून) तो बायपास करणारच की.

याच मशीनवाल्यांना मी कमिशनिंगपासून सांगत होतो, मेन स्क्रीनच्या कोपऱ्यात रिव्हिजन आणि तारीख टाका. उत्तर ठरलेलं: "साहेब, स्क्रीन क्लीन दिसली पाहिजे." कुणासाठी क्लीन? रात्री दोनला तिच्यासमोर ऑपरेटर उभा असतो, हे तर एसीत बसलेले. मी आजही म्हणतो, रिव्हिजन न लिहिणं हा निव्वळ आळस आहे. स्क्रीनची रिव्हिजन टेक्स्टमध्ये लिहा, पीएलसीला कोणती हवी तो आकडा टॅगमधून (पीएलसीतल्या व्हेरिएबलमधून) शेजारी दाखवा. जुळले नाहीत की कुणालाही कळतं.

तुमच्याकडे मूळ एमईआर असेल तर एमई ट्रान्सफर युटिलिटीत (पॅनेलवर फाइल चढवायचं सॉफ्टवेअर) कम्पेअर आहे, पॅनेलमधल्या फाइलशी ताडून बघा. फाइलच्या तारखेवर जाऊ नका.

आणि हो, कॉन्फिगरेशन मोडमध्ये गेलं की चालू अ‍ॅप्लिकेशन बंद होतं, ऑपरेटरच्या हातची बटणं जातात. प्रॉडक्शनला विचारून, मशीन उभं करूनच जा. पासवर्ड मशीनवाल्यांकडेच असेल तर तो आणि एपीए फाइल (बदल करता येणारा मूळ प्रोजेक्ट) शेवटचं पेमेंट सोडायच्या आधी लेखी मागून घ्या.