बंद करून लगेच सुरू केल्यावर ड्राइव्ह ट्रिप होतो

प्रश्न : आमच्या ब्लोअरची १५ किलोवॅटची मोटर व्हीएफडीवर (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) चालते. सकाळी ती व्यवस्थित सुरू होते, परंतु बंद करून लगेच पुन्हा सुरू केली की ड्राइव्ह ओव्हरकरंटवर ट्रिप होतो. अ‍ॅक्सिलरेशन टाइम १० सेकंदांवरून ४० सेकंद केला, तरी फरक पडला नाही. मोटर रिवाइंडिंगला पाठवावी का?

उत्तर : एवढ्यात पाठवू नये. आपण लिहिलेले ‘लगेच पुन्हा’ हेच येथे महत्त्वाचे आहे. पुरवठा बंद झाला तरी ब्लोअरचा जड पंखा बराच वेळ फिरत राहतो. अशा वेळी स्टार्ट दिला की ड्राइव्ह शून्य फ्रिक्वेन्सीपासून सुरुवात करतो, रोटर मात्र त्या चुंबकीय क्षेत्राच्या कितीतरी पुढे धावत असतो. त्यामुळे मोटर जनरेटरसारखी वागू लागते, करंट एकदम उसळतो आणि आयजीबीटी (आतले पॉवर स्विच) वाचवण्यासाठी ड्राइव्ह आउटपुट तोडतो. म्हणूनच अ‍ॅक्सिलरेशन टाइम वाढवून उपयोग झाला नसावा.

खात्रीसाठी शाफ्ट पूर्ण थांबल्याचे डोळ्यांनी पाहून मगच स्टार्ट द्यावा. ट्रिप आला नाही, तर ‘फ्लाइंग स्टार्ट’ किंवा ‘स्पीड सर्च’ हे (फिरत्या मोटरचा वेग ओळखून तेथूनच सुरुवात करणारे) पॅरामीटर चालू करावे. ते नसेल, तर मोटर मोकळी न सोडता पुरेशा लांब डिसेलरेशन टाइमने थांबवावी. तो फार कमी ठेवल्यास ओव्हरव्होल्टेज येईल. एकाच डक्टवर दुसरा ब्लोअर असेल, तर गळक्या डॅम्परमधून (हवा अडवणाऱ्या झडपेतून) येणाऱ्या हवेने बंद पंखा उलटाही फिरतो, तेही पाहावे.

थांबलेल्या पंख्यावरही ट्रिप आला, तर पुरवठा तोडून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबावे, डीसी बसचे (ड्राइव्हच्या आतील कपॅसिटरवरचे) व्होल्टेज उतरल्याचे मीटरने तपासावे आणि मोटरकडे जाणाऱ्या यू, व्ही, डब्ल्यू वायरी काढून ड्राइव्ह व्ही/एफ (व्होल्टेज व फ्रिक्वेन्सी ठरावीक प्रमाणात ठेवणाऱ्या) मोडमध्ये चालवावा. तरीही ओव्हरकरंट आला, तर दोष ड्राइव्हमध्येच, बहुधा आयजीबीटी किंवा करंट सेन्सरमध्ये आहे. (आउटपुट फेज लॉस दाखवला, तर तो मोटर नसल्यामुळे असतो.) ड्राइव्ह मोकळा नीट चालला, तर केबल आणि मोटर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्शुलेशन मोजणाऱ्या मीटरने) तपासावी, तीही गरम असताना, कारण अशक्त इन्शुलेशन थंड मोटरमध्ये लपून राहते. मेगर लावताना वायरी ड्राइव्हपासून सुटलेल्याच हव्यात, नाहीतर चांगला ड्राइव्हही जाईल.

दरवेळी रीसेट करण्यापूर्वी फॉल्ट हिस्टरीतील फ्रिक्वेन्सी, करंट आणि डीसी बसचे आकडे मात्र लिहून ठेवावेत.