ग्लुटामेट एकटं वाचू नकोस

अगं, मेंदूतल्या चेतापेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या रसायनांबद्दल ‘ग्लुटामेट चेतवतं, गाबा शांत करतं’ एवढं पाठ करून थांबू नकोस. गाबा तयार होतो तोच मुळी ग्लुटामेटपासून! एक विकर (एन्झाइम) त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं, आणि त्या कामाला बी-६ जीवनसत्त्व लागतं. क्षयरोगावरचं आयसोनियाझिड हे औषध बी-६चं काम अडवतं; म्हणूनच त्याची मात्रा फार जास्त झाली की गाबा कमी पडून झटके येतात आणि उतारा म्हणून पायरिडॉक्सिन, म्हणजे तेच बी-६, देतात. हे एक उदाहरण कागदावर काढून बघ; मला तरी सगळा विषय तिथूनच उलगडला.

मग एनएमडीए ग्राही घे, म्हणजे चेतापेशीवरचं ग्लुटामेट पकडणारं एक प्रथिन. तिथे नुसतं ग्लुटामेट पुरत नाही, जोडीला ग्लायसिन किंवा डी-सेरीन हवं. ग्लायसिनचा हा परिणाम जॉन्सन आणि अ‍ॅशर यांनी १९८७ मध्ये दाखवला. शिवाय ग्राहीच्या वाटेत अडकलेलं मॅग्नेशियमचं बूचही निघावं लागतं. डोपामिन हे आणखी एक निरोप्या रसायन, ते नंतर, घाई नको.