इमारत थांबवा, मुलाला जाऊ द्या

प्रश्न : मी सावद्याचा केळीचा व्यापारी. केळी पिकवायची स्वतःची चार रायपनिंग चेंबर आहेत. मुलगा जळगावला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सीजीपीए ६.४, गणित-३ राहिलेलं. एस्टोनिया, मॉरिशस, श्रीलंका या लहान लहान देशांनी आयटी उद्योग उभा केला, मग आपल्या तालुक्यात का होऊ नये? बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यालगत माझी बिनशेती जागा आहे. तिथे १२ हजार चौरस फुटांचा आयटी पार्क बांधायचा आहे. खर्च अडीच कोटी, पैकी दीड कोटी कर्ज. बँकेचं मंजुरीपत्र आलं आहे, कर्जावर मुलाचंही नाव असेल. पास झाला की तो तिथे एमडी, म्हणजे मॅनेजिंग डायरेक्टर, म्हणून बसेल. पण त्याचं लक्ष भलतीकडेच. राउटर उघडून बसतो, चेंबरमध्ये सेन्सर लावतो. आता शेवटच्या वर्षी पुण्याच्या एका नेटवर्क कंपनीत १२ हजारांवर सहा महिने इंटर्नशिप करतो म्हणतो. आमचा हमाल त्याहून जास्त कमावतो. वायरमनचं काम करायला इंजिनीअर केलं का? त्याला समजवा, आणि पार्क सांभाळता येईल असा कोर्स सुचवा.

उत्तर : भाऊ, मुलाची समजूत मी काढणार नाही. तुमच्या पत्रात मला त्याच्या मार्कांची काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती एका वाक्याची : ‘कर्जावर मुलाचंही नाव असेल’.

२१ वर्षांच्या मुलाला दीड कोटीचा सहकर्जदार करणं म्हणजे काय, हे आधी कागदावर मांडू. ११ टक्के व्याज आणि १० वर्षं मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे २ लाख ६ हजार रुपये येतो. हप्ता थकला की त्याची नोंद तुमच्याबरोबर त्याच्याही सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासात, होते. उद्या त्याने स्वतःच्या हिमतीवर पाच लाखांचं कर्ज मागितलं, तरी बँक आधी हे दीड कोटी बघणार. एकही ग्राहक मिळवण्याआधी, एकही पगार हातात घेण्याआधी त्याची पुढची १० वर्षं तुम्ही गहाण टाकताय. आणि त्याला ‘एमडी’ म्हणताय.

जागा कुठे, बांधकाम किती, पैसा कुठून हे सगळं तुम्ही लिहिलंत. मुलाला काय हवंय हे पत्रात फक्त तक्रार म्हणून आलंय. तो ‘नाही’ म्हणत नसेल, कारण घरात तुमच्यापुढे कोणी बोलत नसेल. त्या गप्प बसण्याला होकार समजू नका. अशी मुलं बापाच्या खुर्चीत बसतात, चार वर्षं रेटतात, आणि धंदा बुडाला की दोष स्वतःलाच देतात. तुम्ही त्याच्यासाठी एवढा जीव टाकताय, ते खरंच आहे. म्हणूनच स्पष्ट लिहितोय : हे स्वप्न तुमचं आहे. पाहायचं तर तुमच्या नावावर पाहा.

आता लहान देशांचं. तुलना चुकीची नाही. एस्टोनियाची लोकसंख्या १३-१४ लाख, आणि आपल्या एकट्या नंदुरबार जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत १६ लाखांवर होती. जळगाव जिल्हा तर ४२ लाखांचा. माणसं कमी म्हणून काही अडत नाही, हे तुमचं बरोबर.

चूक पुढे आहे. इमारत उभी राहिली की उद्योग येतो, हा समज मंत्र्यांपासून संस्थाचालकांपर्यंत सगळीकडे आहे. मॉरिशसची एबेन सायबरसिटी भारताच्या मदतीने उभी राहिली, तिचे फोटो सगळे पाहतात. पण तिथला माणूस इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही बोलतो, आणि २००२ मध्ये सेफ ही समुद्राखालची केबल बेटाला जोडली गेली, हे फोटोत दिसत नाही. एस्टोनियाकडे सोव्हिएत काळापासून, १९६० पासून, टॅलिनची सायबरनेटिक्स संस्था होती. स्वातंत्र्यानंतर पाचच वर्षांत, १९९६ मध्ये, त्यांनी शाळांना संगणक आणि इंटरनेट द्यायची ‘टायगर लीप’ योजना जाहीर केली. २००१ मध्ये सरकारी खात्यांची माहिती एकमेकांना जोडणारी एक्स-रोड आली, पुढच्या वर्षी डिजिटल ओळखपत्र. म्हणजे सरकारच पहिलं मोठं गिऱ्हाईक झालं. स्काइप आलं त्यानंतर, २००३ मध्ये. श्रीलंकेच्या मिलेनियम आयटीने आपल्याच कोलंबो शेअर बाजारासाठी व्यवहाराची प्रणाली बनवली, तिथे ती चालवून दाखवली, मग बाहेर विकली. २००९ मध्ये लंडन स्टॉक एक्स्चेंजने ती कंपनीच विकत घेतली. कोस्टारिकाची गोष्ट तर तुम्ही नीट वाचाच. १९९६ मध्ये इंटेलने तिथे कारखाना काढायचं ठरवलं, सगळ्या जगाने कौतुक केलं. २०१४ मध्ये जुळणी आणि चाचणीचं काम आशियात गेलं, सुमारे १५०० नोकऱ्या गेल्या. तरी इंटेलचं अभियांत्रिकी केंद्र तिथेच राहिलं, कारण दरम्यान देशात शिकलेले तंत्रज्ञ तयार झाले होते. गाळे जातात-येतात, हातात कसब असलेली माणसं तेवढी राहतात. क्रम सगळीकडे हाच दिसतो : शिकलेली माणसं, मग तार, मग घरचं गिऱ्हाईक. इमारत शेवटी.

तुमच्या १२ हजार चौरस फुटांत, जिने आणि पॅसेज धरून माणशी १०० फूट, साधारण १२० जण बसतील. प्रत्येकी २५ हजार पगार म्हटला तरी महिन्याला ३० लाख. गिऱ्हाइकाला महिना भरल्यावर बिल द्यायचं, त्यावर ४५ दिवसांची मुदत. पहिला पैसा यायच्या आत दोन पगार, म्हणजे ६० लाख, तुमच्या खिशातून जातात आणि तिसरा पगार तोंडावर येतो. अडीच कोटींच्या हिशेबात ही रक्कम कुठेच नाही. गाळे भाड्याने देऊ म्हणाल, तर भाडेकरू आधी विचारेल : दोन वेगळ्या कंपन्यांच्या लीज्ड लाइन, म्हणजे राखीव इंटरनेट जोडण्या, आहेत का, आणि त्या दोन वेगळ्या वाटांनी येतात का? बहुतेक ठिकाणी दोन्ही केबल एकाच रस्त्याच्या कडेने, एकाच चरातून आलेल्या असतात. गटारीसाठी जेसीबी फिरला की दोन्ही एकदम तुटतात.

आणि हा प्रश्न ज्याला कळतो, असा माणूस तुमच्या घरात आहे. त्याच्या कामाला तुम्ही वायरमनचं काम म्हणता.

पूर्व आफ्रिकेतल्या केनियात २००९ पर्यंत समुद्राखालची केबल पोचलेली नव्हती. परदेशाशी संपर्क उपग्रहातून, ३६ हजार किलोमीटर वर जाऊन खाली. बोललेलं पोचून उत्तर यायला अर्धा सेकंद जास्त. कॉल सेंटर तिथे चालणार कसं? त्याही आधी नैरोबीतल्या एका माणसाने त्याच शहरातल्या दुसऱ्याला ईमेल केली, तर ती परदेशातून फिरून येई. कारण गावातल्या इंटरनेट कंपन्या एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. २००० मध्ये तिथल्या काही नेटवर्क इंजिनीअरांनी या कंपन्यांना गावातच जोडणारं एक्स्चेंज सुरू केलं. तक्रारीनंतर ते बंद पाडलं गेलं आणि २००२ मध्ये परत सुरू झालं. राउटर उघडून बसणाऱ्या माणसांनी हे केलं. त्यांच्याशिवाय वरचा एकही मजला चढत नाही.

तेव्हा इंटर्नशिपला जाऊ द्या. १२ हजार हा पगार नाही, शिकायचे मिळताहेत. मात्र त्याने कंपनीला तीन गोष्टी आधी विचाराव्यात : काम नेटवर्कवर देखरेख करणाऱ्या नेटवर्क ऑपरेशन सेंटरमध्ये आहे की नुसतं फोन उचलणं, राउटर-स्विचवर प्रत्यक्ष कॉन्फिगरेशन करू देणार का, आणि मूळ प्रमाणपत्रं जमा करायला सांगणार का? शेवटच्याचं उत्तर ‘हो’ असेल तर ती कंपनी सोडावी.

त्याआधी गणित-३. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या चालू बॅकलॉग, म्हणजे राहिलेला विषय, असलेल्याला बसूच देत नाहीत, बाकीचे मार्क कितीही असोत. ६.४ वर रडण्यात अर्थ नाही, बॅकलॉग काढण्यात आहे. अभ्यासाला, नेटवर्क जोडायचा सराव करायला, सिस्को कंपनीचं पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सबनेटिंग (नेटवर्कचे पत्ते लहान गटांत विभागणं), व्हीलॅन, ओएसपीएफ हे नेटवर्कचे विषय त्यावर घोटावेत, वायरशार्कमध्ये पॅकेट वाचायला शिकावं, सोबत लिनक्स. सिस्कोच्याच सीसीएनए या प्रमाणपत्र परीक्षेची फी ३०० डॉलर अधिक कर आहे. घाईने देऊ नये, सबनेट कागदाविना मांडता यायला लागले की द्यावी. पदवीनंतर सी-डॅक या सरकारी संस्थेच्या सी-कॅट प्रवेशपरीक्षेतून आयटी इन्फ्रास्ट्रक्चर, सिस्टिम्स आणि सिक्युरिटीचा सहा महिन्यांचा डिप्लोमा आहे, तो त्याच्या वळणाचा आहे. गेट आणि एमबीएचा विचार आत्ता नको. ‘पार्क सांभाळायचा’ कोर्स मी सुचवणार नाही.

सेन्सरविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. चेंबरमध्ये १६ ते १८ अंश तापमान आणि ९० टक्क्यांवर आर्द्रता ठेवावी लागते, फळ पिकवणारा एथिलीन वायू दिल्यावर कार्बन डायऑक्साइड वेळच्या वेळी बाहेर काढावा लागतो, हे मी तुम्हाला काय सांगू. रात्री दोनला कॉम्प्रेसर बंद पडला तर सकाळपर्यंत गर मऊ पडलेला असतो. ती सूचना मोबाइलवर वेळेत आली तर एका रात्रीत किती वाचतं, हा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला कराल. याच कामाचं त्याने शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट करावं. डीएचटी२२ सेन्सर वापरला असेल तर तो एवढ्या ओलाव्यात टिकणार नाही, त्यावर दव धरून आकडे भरकटतात. तापमानासाठी सीलबंद डीएस१८बी२० प्रोब घ्यावा. वीज गेली की राउटरही जातो आणि नेमकी तीच सूचना येत नाही, म्हणून राउटरला छोटा यूपीएस आणि सिमकार्डचा दुसरा मार्ग हवा. चारही चेंबरच्या तीन महिन्यांच्या नोंदी साठवाव्यात, अलार्म खरा किती वेळा वाजला आणि खोटा किती वेळा, ते लिहावं. खोटा अलार्म आठवड्यात तीनदा वाजला की माणूस फोन सायलेंटवर टाकतो, आणि मग सगळं वाया.

नोंदी चांगल्या आल्या तर रावेर-फैजपूरच्या दोन व्यापाऱ्यांकडे बसवायला सांगा. फुकट नाही. पहिल्या महिन्यापासून थोडे का होईना पैसे घ्यायचे, नाहीतर यंत्र खरंच उपयोगी आहे की तुमच्या भिडेखातर ठेवलंय, हे कधीच कळणार नाही. तो पुण्याला असताना रात्रीचा फोन कोण उचलणार, हेही आधी ठरवा. तुमच्या गोदामातला एखादा चुणचुणीत मुलगा तयार करता येईल. या सगळ्याला गोदामामागची एक खोली पुरते. गिऱ्हाइकं ३०-४० झाली आणि मुलगा दोन-तीन वर्षं नोकरी करून स्वतःहून परत यायचं म्हणाला, तर जागेचा विषय तेव्हा काढा. तो नाही म्हणाला तरी यंत्र चालवणारा दुसरा माणूस सापडेल. मुलगा तुम्हाला एकच आहे.

बँकेचं म्हणाल, तर मंजुरीपत्र आलं म्हणून कर्ज उचललंच पाहिजे असं नसतं. प्रोसेसिंग फी भरली असेल तर ती बहुधा परत मिळणार नाही, तेवढं नुकसान सोसा. करारावर सह्या व्हायच्या असतील तर थांबवा. झाल्या असतील तर पैसे उचलण्याआधी शाखेत लेखी अर्ज देऊन कर्ज रद्द करून घ्या, आणि महिन्याभराने मुलाचा सिबिल अहवाल काढून त्याच्या नावावर काही राहिलं नाही ना, ते बघा.