अडीच वर्षं त्या तुला एकच शब्द सांगताहेत

आदरणीय ताई,

आपण बरीच वर्षं इटलीत काढलीत, म्हणून आपल्यालाच लिहायचं धाडस करते. आम्ही चिंचवडचे. ह्यांची नोकरी गाड्यांच्या डिझाइनमधली, त्यामुळे अडीच वर्षांपूर्वी तोरिनोला आलो. मुलगा इथल्या शाळेत पहिलीत आहे. खरं सांगते, मला या लोकांचं काही कळतच नाही. जेवणानंतर कापुचिनो मागितली तर वेटर विचित्र बघतो. हॉटेलात नुसतं टेबलाशी बसल्याचे माणशी दोन-अडीच युरो लावतात. दुपारी दुकानं बंद, ऑगस्टमध्ये अख्खं शहर बंद. बाजारात टोमॅटोला हात लावला तर भाजीवाली ओरडली.

पण सगळ्यात जास्त त्रास खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंचा. ऐंशीच्या पुढच्या आहेत, एकट्याच राहतात. मी रोज लिफ्टमध्ये हसून 'चाओ' म्हणते, त्या 'बुओनजोर्नो' म्हणतात आणि दाराकडे बघत उभ्या राहतात. मुलाला मात्र चॉकलेट देतात. गेल्या महिन्यात त्यांनी आमच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली: 'ला प्रेगो दी नॉन उझारे इल फ्रुल्लातोरे दोपो ले क्वात्तोर्दिची.' फोनवर इंग्रजी करून पाहिलं. दुपारी दोननंतर मिक्सर लावायचा नाही म्हणे! आमचा रंग आणि आमच्या मसाल्यांचा वास त्यांना नको आहे, दुसरं काय? हे म्हणतात, घर बदलू. मला वाटतं, इमारतीच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे लेखी तक्रार करावी. आपण काय सांगाल?

आपली,
तोरिनोतली एक वाचक

*

तक्रार लिहू नकोस. घरही बदलू नकोस. उद्या सकाळपासून त्या बाईंना 'चाओ' म्हणणं थांबव.

तुझ्या पत्रात मिक्सर आहे, चिठ्ठी आहे, रंग आहे, वास आहे. 'चाओ' मात्र अर्ध्या वाक्यात येऊन गेलाय, तोही तुझ्या चांगुलपणाचा दाखला म्हणून. मी त्या अर्ध्या वाक्यापाशीच अडकले. आणि तुझ्यापासून काय लपवू, मला राग आला.

असं समज की चिंचवडला तुमच्या बिल्डिंगमध्ये एक परदेशी तरुणी राहायला आलीय. हसरी, मनाने चांगली. रोज लिफ्टमध्ये तुझ्या सासूबाई भेटतात आणि ती तोंडभर हसून विचारते, 'काय गं, बरी आहेस ना?' पहिल्या दिवशी सासूबाईंना गंमत वाटेल. पहिला महिनाभर त्या म्हणतील, नवीन आहे, शिकेल. सहा महिन्यांनी त्या मुद्दाम 'नमस्कार' म्हणून बघतील, म्हणजे तिच्या कानावर पडेल. अडीच वर्षांनंतरही ती 'काय गं'च म्हणत असेल, तर सासूबाई दाराकडे बघत उभ्या राहतील.

तुझ्या आजीबाई तुला तुसडेपणाने 'बुओनजोर्नो' म्हणत नाहीत. त्या तुला शब्द सांगताहेत. रोज, न चिडता, एकच शब्द. पहिलीतल्या मुलाला बाई पुन्हा पुन्हा सांगतात ना, तसा. तू तो आजवर ऐकलेला नाहीस.

'चाओ' मूळचा व्हेनिसकडचा शब्द. 'मी आपला दास' अशा अर्थाच्या 'स्‌चाओ'पासून आलेला, म्हणजे जन्माने फार नम्र. पण वापरून वापरून तो आज मित्रांचा झालाय. मुलांचा, घरच्यांचा, बरोबरीच्यांचा. तुझ्या नवऱ्याच्या ऑफिसात सगळे एकमेकांना पहिल्या दिवसापासून 'चाओ' म्हणत असतील. सहकाऱ्यांमध्ये ते चालतं. तुम्ही दोघांनी तो ऑफिसातला धडा उचलून लिफ्टमध्ये आणलात. अनोळखी दुकानदार, डॉक्टर, आणि सगळ्यात आधी वयाने मोठं माणूस, यांच्यासाठी 'बुओनजोर्नो' आहे, दिवस कलला की 'बुओनासेरा' आहे. अगदीच अंदाज येत नसेल तर मधला 'साल्वे' आहे.

आणि शब्द तेवढा बदलून भागत नाही, त्याच्यामागे 'लेई' उभं असतं. समोरच्या माणसाशी तो समोर नसल्यासारखं, तृतीयपुरुषात बोलायचं. आपल्याकडे जुन्या घरांत म्हणत ना, 'बाईसाहेबांनी बसावं', तसं. माफ कर म्हणायला ओळखीच्या माणसाला 'स्कूझा', माफ करा म्हणायला आजीबाईंना 'स्कूझी'. शेवटचा एक स्वर बदलतो आणि सगळं नातं बदलतं. त्यांच्यातले वाक्प्रचार ऐक: 'दारे देल तू' आणि 'दारे देल लेई'. आपल्याकडे याला अरे-तुरे करणं आणि अहो-जाहो करणं म्हणतात. इंग्रजीवर वाढलेल्या माणसाला हे समजावताना माझ्या नाकी नऊ आलेत. तुला तर याचं बाळकडू मिळालंय! वडिलांना अहो आणि आईला अगं म्हणताना दोघांवर सारखंच प्रेम असतं, हे तुला कुणी शिकवावं लागलं नाही. विठोबाला आपण अरे-तुरे करतो, इटालियन माणसंही देवाला प्रार्थनेत 'तू'च म्हणतात.

तुझंच पत्र पुन्हा वाच. मला तू कधी पाहिलेलं नाहीस. तरी पहिल्या ओळीत 'आदरणीय' आहे, शेवटपर्यंत 'आपण' आहे. नवऱ्याचा उल्लेख 'हे' असा आहे. मी तुला पहिल्या वाक्यापासून 'तू' म्हणतेय आणि तुला त्यात काही खटकलं नसणार, कारण मी वयाने मोठी आहे हे तू धरून चालली आहेस. ही सगळी शिस्त तुझ्या अंगात आहे. तोरिनोत उतरताना तू ती विमानतळावर ठेवून आलीस, कारण परदेश म्हटल्यावर तुझ्या मनात इंग्रजीचा देश आला, जिथे सगळ्यांना एकच 'यू'.

या 'लेई'ची त्यांना किंमत किती, तेही सांगते. १९३८ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने 'लेई' परकं आणि लाचार ठरवून त्याच्या जागी 'वोई', म्हणजे 'तुम्ही', म्हणायचा हुकूम काढला. ती राजवट गेली, 'लेई' राहिलं. नेपल्सकडे अजूनही जुनी माणसं आदराने 'वोई' म्हणतात, पण ते हुकमाने आलेलं नव्हे, त्यांच्या बोलीत आधीपासूनचंच.

आता ती चिठ्ठी. तू ती इंग्रजीत वाचलीस आणि तुला हुकूम ऐकू आला. मराठीत वाच. 'ला प्रेगो' म्हणजे 'मी आपल्याला विनंती करते'. त्यातला 'ला' हा त्याच 'लेई'चा. पूर्ण वाक्य होतं, 'आपल्याला विनंती, दुपारी दोननंतर मिक्सर लावू नये.' ऐंशी उलटलेल्या बाईने तिच्या निम्म्याहून लहान वयाच्या मुलीला 'आपण' म्हटलंय, आणि तेही त्या मुलीने तिला अडीच वर्षं 'काय गं' केल्यावर! शिवाय चिठ्ठी दाराखालून सरकवली. इटलीतल्या इमारतींत प्रवेशद्वाराजवळ चिकटवलेले चिडके कागद मी पुष्कळ पाहिलेत, सगळ्या बिऱ्हाडांनी वाचावेत म्हणून लावलेले. यांनी तुझी अब्रू जपली. आणि मागितलं काय, तर वामकुक्षी. दोन ते चार मिक्सर बंद ठेवायला तुला सांगावं लागतं, याचं मला वाईट वाटलं. तुझी आजी त्या वेळात निजलेली असताना तुम्ही पोरं घरात पाय वाजू न देता फिरला असाल. दुपारची विश्रांती तोरिनोच्या इमारतींच्या नियमांत लिहिलेली असते. तास इमारतीगणिक वेगळे असतात, प्रवेशद्वाराशी लावलेले बघ. चटणी सकाळी वाटून ठेव.

रंगाचं म्हणशील तर मी ते उडवून लावत नाही. इटलीत रंग बघून, आडनाव ऐकून घर नाकारणारी माणसं आहेत, आणि तसं काही घडलं तर मला पुन्हा लिही, माझं उत्तर फार वेगळं असेल. पण या बाईंवर तो आरोप करायला तुझ्याकडे काय आहे? तुझ्याच रंगाच्या तुझ्या मुलाला त्या चॉकलेट देतात.

ज्या शहरात तू राहतेस त्याला हा प्रश्न नवा नाही. १९५०-६० च्या दशकांत दक्षिण इटलीतल्या पुल्या, कालाब्रिया, सिसिलीतून माणसं गाड्यांच्या कारखान्यांत कामाला तोरिनोला आली, लाखांनी आली. तुमच्यासारखीच, गाड्यांच्या कामामागे. त्या काळी तोरिनोत 'दक्षिणेतल्यांना घर भाड्याने मिळणार नाही' अशा पाट्या लागत. आपल्याच देशातल्या माणसांसाठी. त्यांच्या स्वयंपाकाच्या वासाबद्दल, मोठ्याने बोलण्याबद्दल, न संपणाऱ्या पाहुण्यांबद्दल तेच बोललं जाई जे तुला आज कुणी बोलेल अशी भीती वाटते. तुझ्या आजीबाई तेव्हा तरुण मुलगी असतील. त्या रेल्वेने दक्षिणेतून आलेल्यांपैकी एक असतील, किंवा पाटी लावणाऱ्या घरातल्या असतील, किंवा त्यांनी पाटी लावणाऱ्या घरातून बाहेर पडून एखाद्या कालाब्रियातल्या मुलाशी लग्नही केलं असेल. तुला माहीत नाही. अडीच वर्षं एका लिफ्टमध्ये चढता-उतरता, आणि बाईंचं मूळ गाव तुला माहीत नाही! एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला आपण पहिल्या अर्ध्या तासात हे विचारतो.

बाकीच्या तक्रारी चटकन संपवते. जेवणावर दूध जड पडतं असं ते मानतात, म्हणून कापुचिनो सकाळची. रात्री दही नको म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या तुला हे पटायला हवं. टेबलाच्या पैशांना 'कोपेर्तो' म्हणतात. ते मेन्यूकार्डावर छापलेले असतात, द्यायचे आणि टीपची काळजी सोडायची. ऑगस्टमध्ये शहर रिकामं होतं कारण १५ ऑगस्टचा 'फेर्रागोस्तो' त्यांचा मोठा सण आहे, गणपतीत मुंबईतला कोकणी माणूस गावी जातो तसे ते समुद्रावर आणि डोंगरात जातात. भाजीवाली ओरडली ते बरोबरच केलं. तिच्या ठेल्यावर माल ती निवडून देते. आपण भेंडीचं टोक मोडून बघतो तसं तिथे चालत नाही. आज खायचे की परवा, कच्चे हवेत की पिकलेले, तेवढं तिला सांग. तिचा हात तुझ्यापेक्षा बरा निवडेल. सुपरमार्केटमध्ये फळांपाशी प्लॅस्टिकचे हातमोजे ठेवलेले असतात, ते घालून स्वतः निवड.

मी बोलोन्यात असताना माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. चार वर्षं आम्ही एकमेकींना 'लेई' म्हणत होतो. नाताळात त्या तोर्तेल्लिनीचं वाडगं आणून द्यायच्या, दारात उभ्या राहून 'पेर्मेस्सो?' विचारायच्या, मी 'आवांती' म्हणेपर्यंत पाऊल आत टाकायच्या नाहीत. आपलं 'येऊ का?' असतं ना, तेच. माझे वडील गेल्याचा फोन आला त्या रात्री त्या जिना चढून वर आल्या, माझ्याजवळ बसल्या, आणि खूप वेळाने म्हणाल्या, 'दियामोची देल तू.' आता आपण एकमेकींना तू म्हणू या. हे मोठ्या माणसाने म्हणायचं असतं, लहानाने वाट बघायची असते. त्यांनी मला त्या रात्रीपासून 'तू' म्हटलं. माझ्या तोंडून त्यांच्यासाठी 'तू' कधी निघालंच नाही, मी शेवटपर्यंत 'लेई' म्हणत राहिले, आणि त्यांनाही ते आवडत होतं. त्या चार वर्षांत मला त्या परक्या कधी वाटल्या नाहीत. त्या 'लेई'त केवढी माया होती ते मला त्यांच्या माघारी फार आठवतं.

आज रात्री मुलाला विचार, लिफ्टमध्ये खालच्या आजींना तू काय म्हणतोस? तो म्हणेल, 'बुओनजोर्नो, सिन्योरा.' शाळेत त्याने ते उचललं असणार. आणि त्याच्या खिशातल्या चॉकलेटचा कागद बघ. सोनेरी असेल आणि चॉकलेट उलट्या होडीसारखं असेल, तर तो जांदुयोत्तो. हेझलनट घालून केलेला, तोरिनोचा स्वतःचा. जे शहराला आपलं वाटतं, ते त्या तुझ्या मुलाच्या हातावर ठेवताहेत.

उद्या सकाळी तूही तेच म्हण. 'बुओनजोर्नो, सिन्योरा.' 'सिन्योरा' गाळू नकोस. आठवडाभर एवढंच, बाकी काही नाही, चिठ्ठीचा विषयही नाही. मिक्सर बंद आहे हे त्यांना ऐकू येतच असेल. आठव्या दिवशी विचार, 'सेंता, सिन्योरा, लेई दी दॉवे?' आपण मूळच्या कुठल्या? मग तुझं मोडकंतोडकं इटालियन बाजूला ठेव आणि ऐक. उत्तर लांबेल. लिफ्ट खाली पोचली तर दार हाताने धरून ठेव.