लवंग लागली नाही म्हणून गुण कापावेत का?

प्रश्न : पुण्यातील एका क्राफ्ट ब्रुअरीत बेल्जियन पेल एल ही बिअर मिळू लागली आहे. आम्ही पाच मित्रांनी बीजेसीपी या परीक्षक-संस्थेची गुणपत्रिका छापून नेली आणि तिला ५० पैकी गुण दिले. एकाने २४ दिले, कारण बेल्जियन म्हटल्यावर लवंग, धने, संत्र्याची साल यांचा स्वाद हवा आणि तो इथे लागलाच नाही, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्याने ४१ दिले, मी ३३. फेसही पाच मिनिटांत बसला. आमच्यापैकी बरोबर कोण? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : चोवीस गुण देणाऱ्या आपल्या मित्राची जीभ चुकलेली नाही, त्यांची कसोटी चुकली आहे. धने आणि संत्र्याची साल ही विटबिअरची, म्हणजे बेल्जियमच्या गढूळ, फिकट, गव्हाच्या बिअरची ओळख. ती जवळजवळ नामशेष झाली असताना १९६६ मध्ये पिएर सेलिस यांनी होगार्डन गावात तिला पुन्हा जीवदान दिले. आपल्याकडील ब्रुअरी-पबमध्ये ‘बेल्जियन’ हा शब्द बहुतेक वेळा विटच्याच नावापुढे लागलेला दिसतो, त्यामुळे बेल्जियन म्हणजे मसालेदार असा समज पक्का होऊन बसला आहे. पेल एलमध्ये मसाला घालण्याची रीत नाही, आणि तिला आंबवणारे यीस्टही तोंडात ठसका उठवणारे नसते. साध्या वरणात मिसळीची तर्री शोधली, तर वरण नापासच होणार.

पेल एलचे घर बेल्जियममधील अँटवर्प. तिथे १८३३ पासूनच्या डे कोनिंक ब्रुअरीची तांबूस एल लोक नावाने मागतसुद्धा नाहीत. ‘बोलेके’ म्हणतात, म्हणजे ज्या गोलसर, बुटक्या पायाच्या पेल्यात ती येते त्या पेल्याचेच नाव घेतात. स्टेनहुफेल गावची पाल्म ही याच घराण्यातली. इंग्लंडहून येणाऱ्या पेल एल आणि जर्मनी-बोहेमियाकडील लागर, म्हणजे थंडाव्यात मुरवलेल्या बिअर, यांच्यापुढे टिकेल अशी देशी बिअर घडवण्याचे प्रयत्न बेल्जियमच्या ब्रुअरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केले. या वळणावर इंग्रजी छाप आहे ती त्यामुळेच. बीजेसीपीच्या नियमावलीत तिचा अनुक्रमांक २४ब आहे, विटबिअर २४अ. दोघी शेजारी-शेजारी असल्या तरी स्वभाव अगदी वेगळे. पेल एलचे मद्यार्काचे प्रमाण ४.८ ते ५.५ टक्के आणि कडवटपणा २० ते ३० आयबीयू (कडवटपणा मोजण्याचे एकक), म्हणजे आयपीए या कडवट बिअरची सवय असलेल्याला ती मवाळ वाटेल आणि साडेसात टक्क्यांच्या पुढच्या ट्रिपेल या जोरकस बेल्जियन बिअरची सवय असलेल्याला फिकी. रोज संध्याकाळी दोन ग्लास घेऊनही कंटाळा येऊ नये, यासाठीच ती घडवलेली आहे.

मग तिच्यात शोधायचे काय? आधी मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. तव्यावर खरपूस भाजलेल्या पावाचा, बिस्किटाचा, थोडा शेंगदाण्याच्या भाजलेल्या सालीचा वास आला पाहिजे; किंचित मधाची किंवा गुळाच्या पाकाची छटा चालते, पण ती चिकट गोडीपर्यंत जाता कामा नये. त्यामागून संत्र्याचा किंवा पेअरचा फळगंध, आणि सर्वांत मागे साझसारख्या हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या वेलीच्या बोंडांचा) फुलांचा, पाल्याचा हलका दरवळ. मिरीचा किंवा लवंगेचा पुसटसा स्पर्श असला तर हरकत नाही, नसला तरी उणीव नाही. आपल्या मित्राने गुण कापले ते नेमके याच जागी. पिकून काळ्या पडलेल्या केळ्याचा वास मात्र पुढे येऊ लागला, तर आंबवण्याचे तापमान हाताबाहेर गेले असावे अशी शंका घ्यावी.

गुणपत्रिकेत वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १० गुण आहेत. फेसावर आपण बराच वेळ घालवलेला दिसतो, पण तो ज्या रूपात मोडतो त्याचे एकूण गुणच तीन, आणि या प्रकारात फेस इतर बेल्जियन बिअरपेक्षा लवकर बसतो हे नियमावलीतही मान्य केलेले आहे. शिवाय फेस बसण्याचे खापर ब्रुअरीवर फोडण्याआधी पेला पाहावा. फोडणीची कढई घासलेल्या घासणीनेच तो धुतला असेल, तर काचेवर तेलाचा न दिसणारा थर राहतो. बुडबुडे काचेच्या आतल्या बाजूला ठिपक्यांसारखे चिकटून बसतात आणि फेस खचतो. बेल्जियममध्ये ओतण्यापूर्वी पेला थंड पाण्याने विसळतात आणि वर आलेला फेस सपाट सुरीने एका फटक्यात निपटतात. सुरी नसली तरी चालेल, विसळणे सोडू नये.

आता तापमान. आपल्याकडील बहुतेक टॅपवरून बिअर इतकी गार येते की पहिल्या घोटाला गारव्याशिवाय काहीच कळत नाही. पेला एक-तृतीयांशच भरावा, ओतल्या ओतल्या लगेच दोन-तीन आखूड हुंग घ्यावेत, कारण काही गंध अर्ध्या मिनिटात उडून जातात, आणि जे जाणवले ते चव घेण्यापूर्वीच लिहून ठेवावे. मग पेला दोन्ही तळव्यांत धरून बिअर आठ-दहा अंशांवर येऊ द्यावी आणि सगळे पुन्हा करावे. पहिल्या आणि दुसऱ्या टिपणात फरक पडला, तर दुसरे खरे मानावे. अपवाद गंधकाच्या वासाचा, तो पहिल्याच हुंगात सापडतो.

दोष आणि नावड यांची गल्लत न करणे ही परीक्षकाची खरी परीक्षा. थिएटरमधील पॉपकॉर्नसारखा लोण्याचा वास हा डायअसेटिल या द्रव्याचा दोष: यीस्टला काम पुरे करू दिलेले नाही, किंवा टॅपच्या नळ्या साफ नाहीत. नळ्यांचा संशय आला तर तीच बिअर दुसऱ्या टॅपवरून किंवा बाटलीतून मागवून पाहावी, नाहीतर पबच्या आळसाची शिक्षा ब्रुअरला होते. उकडलेल्या मक्याचा वास, कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास, ओल्या पुठ्ठ्याचा शिळा वास हेही दोषच. औषधी पट्टीसारखा वास सर्वांत फसवा, कारण नवखा माणूस त्यालाच ‘बेल्जियन मसाला’ समजतो. पाण्यातील किंवा धुण्याच्या द्रावणातील क्लोरीन बिअरमधील फिनॉल या गंधद्रव्यांशी जुळले की तो तयार होतो.

फसण्यात मीही मागे नाही. एका घरगुती चाचणीत मी सलग तीन नमुन्यांवर ‘गुलाबी, साबणासारखा गंध’ असे ठामपणे लिहिले. चौथ्याला शेजारच्या परीक्षकाने माझा हात हुंगला आणि हसू लागला. गुलाब माझ्या हाताला होता. तेव्हापासून मी चाचणीआधी हात नुसत्या पाण्याने धुतो.

राहिला गुणांचा प्रश्न. बिअर न चाखता मी आकडा देणार नाही. पण २१ ते २९ म्हणजे त्या प्रकाराचा नेम चुकलेली किंवा लहानसहान दोष असलेली बिअर, ३० ते ३७ म्हणजे चांगली, बारीकसारीक उणिवांची, आणि ३८ च्या पुढे उत्कृष्ट, हे अर्थ समोर ठेवावेत. एकाच मेजावरील परीक्षकांचे गुण साधारणपणे सातच्या आत आणावेत असा संकेत आहे. आपल्यात सतराचा फरक आहे. पुन्हा बसा, आणि या वेळी गुणांआधी प्रत्येकाने आपल्याला सापडलेला एक-एक दोष नाव घेऊन सांगावा. ज्याला दोषाचे नाव सांगता येत नाही, त्याला तीसच्या खाली जाता येणार नाही.

प्रश्न : मी लुवेनमध्ये शिकते. ओर्वाल या बिअरच्या दोन दुकानांतून घेतलेल्या दोन बाटल्यांची चव इतकी वेगळी लागली की एक खराब आहे असे वाटले. ही बेल्जियन पेल एलच ना? (एक वाचक, लुवेन)

उत्तर : खराब बहुधा कोणतीच नाही. बेल्जियमच्याच लक्झेंबर्ग प्रांतातील ओर्वालच्या ट्रॅपिस्ट (एका कॅथलिक संन्यासी पंथाच्या) मठात १९३१ पासून बनवली जाणारी ही ६.२ टक्क्यांची एल दिसायला पेल एलसारखी तांबूस असली, तरी वर सांगितलेल्या चौकटीत ती बसत नाही. आंबवणे झाल्यावर तिच्यात पुन्हा हॉप्स घालतात आणि ब्रेटानोमायसिस नावाचे रानटी यीस्टही सोडतात, जे बाटलीत महिनोन्‌महिने काम करत राहते. ताजी बाटली हॉप्सच्या सुगंधाची आणि कडवट. सहा-आठ महिन्यांची बाटली कोरडी, चामड्याची, तबेल्यातल्या गवताची आठवण करून देणारी. मठाजवळच्या कॅफेत ताजी किंवा मुरलेली अशी निवडून मागता येते. आपल्या दोन्ही बाटल्यांच्या लेबलांवर भरल्याची तारीख छापलेली असेल. ती ताडून पाहा. तळाचा गाळ शेवटचे बोटभर द्रव बाटलीतच ठेवून टाळता येतो. तो अपायकारक नाही, पण पेला गढूळ करतो आणि चव बदलतो.

प्रश्न : चाचणीच्या वेळी सोबत काय खावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : गुण लिहून होईपर्यंत पाणी आणि बिनमस्क्याचा पाव, एवढेच. लसणीची चटणी घातलेला चिवडा तर टेबलावरही नको. त्याच्यानंतर मॉल्ट नावाची गोष्ट जिभेला सापडत नाही. गुणपत्रिका मिटल्यावर अँटवर्पच्या कॅफेतल्याप्रमाणे चीजचे चौकोनी तुकडे, मोहरीची चटणी आणि सेलरीचे मीठ घ्यावे. ठाण्यात सेलरीचे मीठ शोधत हिंडण्यापेक्षा खारे शेंगदाणे घेतले तरी चालतील, मात्र आधी साले पाखडून काढावीत, नाहीतर ती फेसावर तरंगत बसतात.