‘पुल अप’ ऐकल्यावर आधी हात, मग डोकं

मागच्या वेळी कॉकपिटमध्ये वाजणाऱ्या इशाऱ्यांविषयी ओझरतं लिहिलं होतं. जमीन किंवा डोंगर फार जवळ आला की यंत्र ‘टेरेन, टेरेन, पुल अप’ असं ओरडतं, एवढंच. त्यावर बरेच प्रश्न आले. त्यातले काही घेतो.

गेल्या पावसाळ्यात मुंबईत उतरता उतरता आमचं विमान एकदम वर गेलं. डोंगराचा इशारा वाजला असेल का? (डोंबिवली)

बहुतेक नाही. तो साधा गो-अराउंड असणार. पुढचं विमान धावपट्टीवरून वेळेत बाहेर पडलं नाही, वारा फिरला, ढगातून धावपट्टी दिसली नाही, की उतरणं सोडून पुन्हा फेरी मारतात. इशाऱ्यावरची चढाई याहून फार आडदांड असते. ती अनुभवली असती तर हा प्रश्न तुम्ही पत्राने विचारला नसता, तिथेच हवाई सुंदरीला विचारला असता.

‘पुल अप’ वाजल्यावर पायलट नक्की काय करतो? आधी खात्री करून घेत नाही का? (सांगलीचा इंजिनीअरिंगचा विद्यार्थी)

रात्र असेल किंवा ढगात असू, तर अजिबात नाही. भर दिवसा, स्वच्छ हवेत, समोरची जमीन दोन्ही वैमानिकांना नीट दिसत असेल तरच विचाराला जागा आहे. बोइंगवर ऑटोपायलट आणि ऑटोथ्रॉटल (इंजिनांची ताकद आपोआप सांभाळणारं यंत्र) सोडायचे, थ्रस्ट म्हणजे इंजिनांची ताकद पूर्ण पुढे, पंख सरळ, नाक 20 अंश वर. एअरबसवर साइडस्टिक (बाजूची छोटी दांडी) पार मागे ओढून धरायची. चाकं आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) जसे आहेत तसेच ठेवायचे, डोंगर मागे पडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आणि स्पीडब्रेक (वेग आणि उंची कमी करायला पंखांवर उघडणाऱ्या फळ्या) आत आहेत ना, ते बघायचं.

हे शेवटचं वाक्य फार महागात पडलेलं आहे. 20 डिसेंबर 1995 ला कोलंबियातल्या कालीजवळ अमेरिकन एअरलाइन्सचं बोइंग 757 रात्री वाट चुकून डोंगरांत शिरलं. इशारा आणि धडक यांत बारा-तेरा सेकंद होते. वैमानिकांनी लगेच ताकद दिली, नाकही वर ओढलं. पण खाली उतरताना उघडलेले स्पीडब्रेक तसेच बाहेर राहिले. विमान शिखराच्या जरा खाली धडकलं. 159 जण गेले, चौघे वाचले.

सिम्युलेटरवर मी नव्या मुलांचे हात बघत बसतो. इशारा वाजला की हुशार मुलाची नजर आधी नकाशाच्या स्क्रीनवर जाते, मग हात हलतो. दोन सेकंद जातात. 250 नॉट (ताशी सुमारे 460 किलोमीटर) वेगाने दोन सेकंदांत विमान पाव किलोमीटर पुढे गेलेलं असतं. जो मुलगा आधी ओढतो आणि मग ‘सर, काय होतं?’ विचारतो, त्याच्या शेऱ्यात मी चांगलं लिहितो.

आमच्या जुन्नरकडे 1962 साली डोंगरावर विमान पडलं होतं, आजोबा सांगायचे. आजचं यंत्र असतं तर वाचलं असतं? (नारायणगाव)

ते अलितालियाचं डीसी-8. बँकॉकहून मुंबईला येत होतं. रात्रीच्या वेळी आपण मुंबईच्या खूप जवळ आलो, असा हिशेब चुकला आणि वैमानिक लवकर खाली उतरू लागले. विमानातले 94 जण गेले. तेव्हा असं कुठलंच यंत्र नव्हतं. पुढे डॉन बेटमन या इंजिनीअरने ते घडवलं आणि 1974 साली वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूएचं विमान डोंगरावर आदळल्यावर अमेरिकेत ते सक्तीचं झालं. पण ते पहिलं यंत्र रेडिओ अल्टिमीटरवर (विमान आणि खालची जमीन यांतलं अंतर मोजणाऱ्या उपकरणावर) चालायचं, म्हणजे फक्त पायाखाली बघायचं. सह्याद्रीचा कडा असा अंगावर येतो की खाली बघणाऱ्याला तो फार उशिरा कळतो. नव्वदच्या दशकातल्या सुधारित यंत्रात जगाचा उंचसखल नकाशाच भरला (त्यातला काही भाग बेटमनच्या लोकांनी फुटलेल्या सोव्हिएत संघाकडून मिळवला होता!). ते पुढे बघतं, साधारण मिनिटभर आधी सावध करतं. तेव्हा हो, वाचलं असतं. अट एकच, वैमानिकाने ऐकायला हवं.

मग न ऐकणारे का असतात? (मंगळुरूला नोकरी करणाऱ्या पुणेकर बाई)

तुम्ही जिथे राहता तिथलंच उदाहरण घ्या. 22 मे 2010, दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेस. कॅप्टन वाटेत बराच वेळ झोपला होता. विमान नेहमीच्या उतारापेक्षा फार उंच राहिलं, म्हणून त्याने ते भरभर खाली आणलं. यंत्र ‘सिंक रेट’ (फार वेगाने खाली जातोय), ‘पुल अप’ म्हणत राहिलं, को-पायलटने तीनदा गो-अराउंड सुचवलं. तरी उतरवलंच, तेही अर्ध्याहून जास्त धावपट्टी मागे टाकून. 158 जणांचा जीव गेला. त्याआधी तीन वर्षं इंडोनेशियातल्या योग्यकार्तालाही असंच घडलं होतं. पंधरा इशारे वाजले, को-पायलट बोलला, कॅप्टन धावपट्टीकडे बघत राहिला.

माणसाची नजर एकदा धावपट्टीवर खिळली की कान बंद होतात, हे मी सिम्युलेटरमध्ये कित्येकदा बघितलंय. तो उर्मटपणा नसतो. त्याला खरंच ऐकू येत नाही. माझा राग आहे तो ‘सुचवण्या’वर. अशा वेळी को-पायलटने सुचवायचं नसतं, कंट्रोल हातात घ्यायचा असतो. आपल्याकडे ‘सर, सर’ करत वाढलेल्या मुलाला ते जड जातं.

खोटा इशारा येतच नाही का? (ठाणे)

येतो, आणि 2023 पासून जास्त येतो. इराक-इराणच्या बाजूला कोणीतरी खोटे जीपीएस सिग्नल सोडतं, यंत्राला विमान भलत्याच जागी आहे असं वाटतं आणि 35 हजार फुटांवर ते ‘पुल अप’ ओरडतं. तिथे वैमानिक हसून सोडून देतो. भीती पुढची आहे. रोज ‘लांडगा आला रे आला’ ऐकणारा माणूस घराजवळ, ढगात, खऱ्या डोंगरासमोर काय करेल? 2012 साली इंडोनेशियात सुखोई सुपरजेटच्या वैमानिकाने नकाशाच चुकीचा असेल असं समजून यंत्र बंद केलं. समोर सालाक पर्वत होता. 45 जण गेले.

इशारा वाजलाच नाही, असंही होतं? (नागपूर)

होतं. मे 2022, पॅरिस. पावसात उतरणाऱ्या एका एअरबसला कंट्रोलरने हवेच्या दाबाचा आकडा (ज्यावर उंचीमापक लावतात) 1001 ऐवजी 1011 सांगितला. दहाचा फरक म्हणजे उंचीमापक सुमारे 280 फूट जास्त दाखवणार. धावपट्टीच्या जवळ यंत्राला मुद्दाम गप्प बसायला शिकवलेलं असतं, नाहीतर ते प्रत्येक लँडिंगला ओरडलं असतं. तसं ते गप्प बसलं. ठरलेल्या उंचीवर धावपट्टी दिसली नाही म्हणून वैमानिकांनी गो-अराउंड केलं, तेव्हा चाकांखाली जमीन सहा फुटांवर होती. धावपट्टी अजून दीड किलोमीटर पुढे. दुसऱ्या खेपेलाही आकडा तोच होता. या वेळी धावपट्टी वेळेत दिसली, म्हणून सावरलं.